कान वजा करून

पॅटर्नचं वजन गुणिले सोळा, हे या घराण्याचं ब्रह्मवाक्य होतं. पाइनच्या लाकडाचा पॅटर्न, म्हणजे ओतायच्या वस्तूचा नमुना, तोलायचा, सोळाने गुणायचं आणि येईल तेवढं बीड वितळवायचं. वाळूच्या साच्यात लाकडाची जागा बीड घेतं आणि बीड या लाकडाच्या सोळापट जड असतं. पणजोबांनी हे आजोबांना सांगितलं, आजोबांनी आबांना, आणि आबांनी तिन्ही मुलांना, प्रत्येकाला एकेक थोबाडीत देऊन. हाच हिशेब धंद्याच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या दहा पानांत सापडतो. तिथं त्याच्यापुढे 'अंदाजे' असा शब्द असतो. घराण्यानं तो फार पूर्वीच गाळून टाकला होता.

दुसरं ब्रह्मवाक्य आबांचं स्वतःचं होतं: उरता कामा नये. ओतून झालं की शिल्लक बीड वाळूतल्या चरांत सोडत, त्याच्या विटा होत. आबा काठी टेकत चरांपाशी जात आणि काठीच्या टोकानं विटा मोजत. दोन विटांपर्यंत गप्प असत. तिसरीला तोंड उघडे.

"कोळसा सासऱ्यानं पाठवलाय वाटतं?"

हे थोरल्यानं सगळ्या कामगारांदेखत किती वेळा ऐकलं होतं, याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. त्यामुळे या फाउंड्रीत बीड कमी पडण्याची भीती कुणालाच नव्हती. भीती होती ती उरण्याची.

तीन वर्षांपूर्वी धाकटा म्हणाला, विजेची भट्टी घेऊ. थोरला म्हणाला, माझ्या मढ्यावर घे. आबा म्हणाले, आधी माझ्या. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. मधल्या काळात गिऱ्हाइकं पांगली, चाळीस कामगारांचे नऊ झाले, आबांच्या अंगावरून वारं गेलं आणि त्यांना उजव्या बाजूचं दिसेनासं झालं. उजवीकडे काही नाहीच, असं त्यांचं तेव्हापासून मत होतं. शेवटी प्रेसची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीनं एक पॅटर्न पाठवला. एक बेड, म्हणजे यंत्राची बैठक, ओतून दाखवा, चांगला आला तर वर्षभराचं काम. नाही आला, तर शेजारच्या गोदामवाल्याला जागेवर डोळा ठेवून बरीच वर्षं झाली होती, आणि आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हा बेड फसला तर मी अंगठा देतो. मग बसा गोदामात पोती मोजत."

ओतायचा दिवस उजाडला.

पॅटर्नच्या खोलीत आक्का गुडघ्यांवर बसून स्क्रू काढत होती. आक्का तिघांत मोठी. नवरा गेल्यावर माहेरी आली ती या खोलीच्या मागच्या खोलीत राहिली, आणि पॅटर्न सांभाळणं हे काम तिच्याकडे कुणी दिलं नाही, ते तिनं घेतलं. थोरल्याची बायको, म्हणजे घरातली वहिनी, समोर उभी होती.

"धर हे." आक्कानं तिच्या तळहातावर चार स्क्रू ठेवले. "सांडशील बघ."

पॅटर्नच्या दोन अंगांना काळे रंगवलेले ठोकळे होते. कास्टिंगला आरपार भोक हवं असलं, की साच्यात तिथं भाजलेल्या वाळूची कोअर ठेवतात. ती टेकायला खाचा लागतात, त्या हे ठोकळे पाडतात. म्हणजे पॅटर्नवर ते लाकूड असतं, पण त्याच्या जागी बीड जात नाही. घरात त्यांना कान म्हणत. 'कान वजा करून' असं म्हटलं की सगळ्यांना कळे. या पॅटर्नचे कान पाच किलोंचे, हे प्रेसवाल्यांच्या कागदावर लिहूनच आलं होतं आणि ते सगळ्यांनी वाचलं होतं.

"कान कशाला काढताय वन्सं? कानांसकटच तोलायचे ना आजवर?"

"तोलायचे. आणि मग हिशेब करणाऱ्यानं वजा करायचं. कोण करणार वजा? तुझा दीर? त्याचं ध्यान त्या कॉम्प्युटरात. आधीच काढून तोललं की विसरायला काही उरतच नाही."

"मग भाऊजींना तसं सांगा की."

"मी? मागच्या महिन्यात म्हणाला, आक्काच्या खोलीचं लाइटबिल वेगळं काढा. सख्खा भाऊ. त्याच्या केबिनची पायरी नाही चढायची मी." आक्कानं दोन कामगारांना हाक मारून पॅटर्न काट्यावर चढवला, वजनं सरकवली, डोळे बारीक केले. "पासष्ट. कानांचं पाच वेगळं." मग पॅटर्न खाली घेऊन तिनं कान परत बसवले, वहिनीच्या हातातून एकेक स्क्रू उचलत, आणि पॅटर्नच्या पाठीवर खडूनं ठसठशीत लिहिलं: ६५.

"एवढा आकडा नेऊन दे त्याला. आणि हे बघ, आक्कानं असं केलं न् तसं केलं, असलं काही लावू नकोस. म्हणेल, मला शिकवते."

वहिनी निघाली. तीन वर्षं हेच तिचं काम होतं. एका छपराखालच्या तीन माणसांमध्ये ती टेलिफोनची तार होती, फरक इतकाच, की तारेला स्वयंपाक करावा लागत नाही.

केबिनमध्ये धाकटा टाय सैल करून बसला होता. नऊ कामगारांच्या कारखान्यात टाय लावणारा तो एकटाच. टाय लावला की विजेच्या भट्टीचं बोलणं जिवंत राहतं, असं त्याला वाटत असावं.

"पासष्ट, भाऊजी."

"पासष्ट वजा पाच, साठ." त्यानं बटणं दाबली. "साठ सोळे नऊशे साठ. रनर-रायझरच्या वाटांत अडकतं तेवढं त्यांनी नेहमीसारखं वर धरावं. सांगा तुमच्या मालकांना."

"पाच कसले वजा केले?"

"कानांचे. आक्का कानांसकट तोलते ना."

"अहो पण आज वन्संनी..."

"वहिनी." धाकट्यानं हात जोडले. तो हात जोडतो तेव्हा राग आलेला असतो. "तुमचा मी मान ठेवतो. या घरात एवढ्या एका माणसाचा ठेवतो. पण मागल्या वेळी तुम्ही निरोपात तुमचं दोन शब्द घातलंत आणि आबांनी मला सगळ्यांदेखत 'साहेब' म्हटलं. निरोप तेवढा न्या. आकडा जसाच्या तसा."

"बरं," वहिनी म्हणाली.

केबिनपासून भट्टीपर्यंत लोखंडी जिना आणि मग लांबच लांब शेड. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थांबली. हिशेब तिला कुणी शिकवला नव्हता, पण घरात आल्यापासून जेवणाच्या ताटावर दुसरा विषय ऐकला नव्हता. एकदा कान काढून तोललं, परत एकदा कान वजा झाले. कानाचं पाच किलो लाकूड म्हणजे ऐंशी किलो बीड. हे खाली सांगायला हवं. ते सांगायलाच ती भरभर उतरली.

शेडमध्ये वाळूचा धुरळा उन्हाच्या तिरिपेत तरंगत होता. लांबून छान दिसे. गेल्याच आठवड्यात डॉक्टरांनी थोरल्याच्या छातीची फिल्म उजेडावर धरून दाखवली होती. त्यात असाच धुरळा होता, फक्त तो हलत नव्हता. "ही वाळू आहे," डॉक्टर म्हणाले होते, "बसली ती निघत नाही. आणखी आत घेऊ नका, एवढंच हातात आहे. काम बदला." थोरला शर्टाची बटणं लावत म्हणाला होता, "एवढा बेड होऊ दे." त्याच्या आधी तो एवढी पुली होऊ दे म्हणाला होता, त्याच्या आधी एवढं गिअरबॉक्स. त्याच्या काकांनी काय होऊ दे म्हटलं होतं ते कुणाला आठवत नव्हतं, पण ते पन्नाशीत खोकून खोकून गेले हे सगळ्यांना आठवत होतं.

थोरला भट्टीपाशी उभा होता. भुवया जळून जळून अर्ध्या राहिल्या होत्या.

"काय म्हणतो तुझा दीर?"

"नऊशे साठ."

"नऊशे साठ." थोरला हसला. "म्हणजे पॅटर्न साठ भरला आणि यानं सरळ सोळानं हाणलं. कान विसरला. मला खात्री होती. चांगलं शिकवलं आबांनी, फी भरून वर डिग्री आणली, आणि कान विसरतो. वजा ऐंशी, आठशे ऐंशी."

"अहो, ऐका..."

"तुला किती वेळा सांगितलं, भट्टीपाशी उभं राहून अहो-जाहो लावू नकोस, कामगार बघतात. आज आबा चरांपाशी बसणारेत. एक वीट उरू देणार नाही मी. एक! बघू दे त्यांना..." पुढचं खोकल्यात गेलं. तो एका खांबाला धरून वाकला. खोकला लांबला. आजूबाजूचे कामगार भट्टीकडे बघू लागले, जसं घरातलं कुणी रडायला लागलं की पाहुणे भिंतीकडे बघतात. मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, उपरणं घडी करून आतली बाजू झाकली आणि डोळ्यांतलं पाणी निपटत विचारलं, "हां. काय म्हणत होतीस?"

या घरात तिला हा प्रश्न फार कमी वेळा विचारला गेला होता. वहिनीनं घडी केलेल्या उपरण्याकडे पाहिलं.

"काही नाही," ती म्हणाली. "जेवण झाकून ठेवते म्हणत होते."

दुपारी आबांना खुर्चीसकट खाली आणलं. चार जणांनी उचललं तरी आबा वरून सूचना देत होते. खुर्ची चरांच्या समोर ठेवली, साचा उजव्या हाताला. म्हणजे आबांच्या मते साचा नव्हता, नुसते चर होते.

आक्का डोक्यावर पदर घेऊन खुर्चीमागे उभी राहिली. धाकटा केबिनच्या जिन्यात, चौथ्या पायरीवर. खाली उतरलं तर थोरल्याच्या हद्दीत आल्यासारखं झालं असतं. वहिनी पाण्याची कळशी घेऊन खांबापाशी.

"किती धरलंस रे?" आबांनी डावीकडे तोंड करून विचारलं.

"बरोबर धरलंय आबा," थोरला म्हणाला.

"बरोबर सगळेच धरतात. मग विटा कुठून येतात?"

"आज येणार नाहीत."

भट्टीचं तोंड फोडलं. बीड लॅडलच्या मोठ्या बादलीत उतरलं, क्रेननं लॅडल उचललं आणि साच्यावर आणलं. पांढरट केशरी धार साच्यात शिरू लागली. अशा वेळी शेडमधला प्रत्येक माणूस सुंदर दिसतो, अगदी टायवालासुद्धा. साचा भरत आला की रायझरच्या भोकांतून बीड वर डोकावतं. ते दिसलं की ओतणाऱ्यानं हात वर करायचा. थोरला भोकांवर नजर लावून होता. त्याचा हात कमरेशी तयार होता.

धार बारीक झाली. मग तिचे थेंब झाले.

भोकं काळीच होती.

"आण आणखी," थोरला म्हणाला.

कुणी हललं नाही. आणखी नव्हतंच. भट्टीत मोजून टाकलं होतं, मोजून निघालं होतं. साचा अर्धवट भरला, की मागाहून ओतून उपयोग नसतो. थिजलेलं बीड नव्या बिडाला जवळ करत नाही, वर एक शिवण राहते आणि तिथंच कास्टिंग तडकतं. हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. थोरला तरी एकदा म्हणाला, "आणा की रे," अगदी हळू.

तेवढ्यात आबांची काठी वाजली. त्यांनी पहिल्या चरात टोक घातलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नुसती वाळू. त्यांनी मान जमेल तेवढी वर केली. अर्धा चेहरा हलत नसे, पण उरलेल्या अर्ध्यानं ते चक्क हसले.

"एक वीट नाही," आबा म्हणाले. "शाबास. माझ्या बापालासुद्धा जमलं नव्हतं."

आक्का तोंडात पदर कोंबून मागे वळली.

संध्याकाळी सगळे केबिनमध्ये जमले, कारण तिथंच पाच खुर्च्या होत्या. आबांना सांगायचं काम आक्कानं केलं. आबांनी ऐकलं, आणि पहिल्यांदा "उजवीकडे होता होय साचा?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "कमी कसं पडलं? सोळा चुकत नाही."

"वहिनी, त्यांना विचारा," धाकटा म्हणाला, "मी नऊशे साठ सांगितलं होतं, ओतलं किती?"

"सांग त्याला," थोरला म्हणाला, "तुझ्या नऊशे साठमधले कान मी काढले. विसरला होतास."

"विसरलो? मी विसरलो?" धाकटा उठला आणि तीन वर्षांनी प्रथमच भावाकडे तोंड करून बोलला. "मी काढले होते कान! पासष्टमधून पाच! तू परत कशाला काढलेस?"

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस का?"

"तुला विचारायला तुझ्या पाया पडू?"

"थांबा," आक्का म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "पासष्ट कान काढूनच होतं. मी काढले होते."

बाहेर साचा निवत असल्याचा टिकटिक आवाज येत होता.

"तीनदा," आबा म्हणाले. "दोन कान, तीनदा कापले." आणि मग नवल वाटल्यासारखं, "सगळ्यांना लक्षात होतं म्हणजे."

"मला एक कळत नाही," धाकटा सावकाश म्हणाला. "तिघांचा निरोप एकाच माणसामार्फत गेला."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. थोरल्यानंही. तिला आठवलं, सकाळी त्यानं विचारलेलं, काय म्हणत होतीस. आता त्यालाही आठवत असणार, असं तिला वाटलं. तिनं हातातली कळशी खाली ठेवली. तळहातावर स्क्रूचे वळ अजून असल्यासारखे तिला भासत होते, नव्हते.

आक्कानं त्याच तळहाताकडे पाहिलं. सकाळचे चार स्क्रू तिच्याही डोळ्यांसमोर होते. फाउंड्री गेली की मागची खोली जाणार, आणि कुठल्याही भावाच्या घरात आपल्याला नेमकं किती दिवस ठेवून घेतील, हेही तिला दिसत होतं. तिला बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

"तिला काय कळतंय हिशेबातलं," आक्का म्हणाली. "ती आपली निरोप सांगते. चला, आबांना वर घ्या."

रात्री जिन्यात दोघींची गाठ पडली. वहिनी म्हणाली, "वन्सं, मी..."

"गप्प बस," आक्का म्हणाली. "काका गेले तेव्हा माझ्या मांडीवर खोकत होते. मला कुणी विचारलं नव्हतं." आणि ती खाली उतरून पॅटर्नच्या खोलीला कुलूप लावायला गेली. त्या खोलीत चोरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आबांनी अंगठा दिला. डाव्या हाताचा, कारण तोच चालत होता. गोदामवाल्यानं भट्टी पाडली. विटा चांगल्या निघाल्या म्हणून त्यानं कुंपणाच्या भिंतीला वापरल्या. धाकट्यानं टाय सोडला आणि विजेच्या भट्ट्या विकणाऱ्या कंपनीत लागला. आक्का त्याच्याकडे राहायला गेली, आणि लाइटबिलाचा प्रश्न आपोआप मिटला. फसलेला बेड घणानं फोडून भंगारात दिला. भंगारवाल्याच्या काट्यावर तो रनरसकट पै न् पै बरोबर भरला, थोरल्यानं धरला होता तेवढाच.

थोरला घरी बसला. पावसाळा घरी गेला, हिवाळा घरी गेला. खोकला उतरला, भुवया आल्या. तो पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा आणि परत पहिल्या पानाकडे यायचा. वहिनी त्याच्या ताटात भाजी वाढताना कधी कधी त्याच्या भुवयांकडे बघत राहायची.

"काय बघतेस?"

"काही नाही."

उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस तो सकाळीच बाहेर गेला आणि संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या कानांत आणि मानेच्या वळ्यांत वाळू होती.

पुलापलीकडच्या फाउंड्रीत त्याला भट्टीवर घेतलं होतं. अनुभवाचा माणूस मिळत नाही म्हणाले. वहिनीनं पाणी तापवलं, पंचा दिला, ताट मांडलं. तो जेवायला बसला. एवढा मोकळा तो बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता.

"प्रेसवाल्यांचा तोच पॅटर्न तिथं आहे, माहितेय? तोच. पाठीवर आक्काचा पासष्ट तसाच आहे खडूचा, कुणी पुसला नाही. आज ओतला आम्ही. एकदम झकास आला."

"किती धरलं?" वहिनीनं विचारलं. विचारल्यावर तिला वाटलं, विचारायला नको होतं.

"धरायचं काय त्यात," थोरला म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा मोडला. "ते पॅटर्न तोलत नाहीत. भट्टी भरून वितळवतात. उरलं ते शेजारच्या साच्यात ओततात."